भेटीचा रकाना

बसा. दिवा राहू द्या, मालवू नका. तुमच्या साइटचं काम मी करीन, तारखा वगैरे सावकाश ठरवू. माझी एक अट आहे, तेवढी आधी ऐका. पान तयार होत असताना एखाद्या जागी मजकूर नसेल, तर ती जागा मोकळीच राहील. तात्पुरतं म्हणून मी तिथं काही लिहिणार नाही. वाईट दिसलं तर दिसू दे. तुम्ही हसलात, हसा. बाकीचेही हसतात. पण का, म्हणून विचारलंतच, तर सांगतो. तसंही आज आणखी काही करायचं त्राण नाही.

माझी आई ज्या वृद्धाश्रमात आहे, तिथलीच गोष्ट. हो, आहे अजून. तब्येत छान आहे म्हणे.

बावीस खोल्यांचा आश्रम. खाली अकरा, वर अकरा. आई वरच्या मजल्यावर, सोळा नंबरात. तिचं कमरेचं हाड मोडलं, आणि माझं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, बायको नाही, दिवसभर घरात कुणी नाही. दुसरा काही मार्गच नव्हता. हे मी इतक्या लोकांना सांगितलंय, की आता सांगताना मलाच कंटाळा येतो.

आश्रमाची एक साइट होती. लांब राहणाऱ्या नातेवाइकांसाठी. प्रत्येक खोलीचं एक पान. वर फोटो, खाली रोजची नोंद: झोप, जेवण, औषध, भेट. कल्पना चांगली, पण करणाऱ्यानं बावीस पानं बावीस वेळा हातानं बनवली होती. माणूस बदलला की सिस्टर जुन्या पानाची नक्कल करून नाव बदलायच्या. कधी नाव बदलायचं आणि फोटो राहायचा. एका मुलीनं परदेशातून फोन करून विचारलं होतं, माझ्या बाबांना मिशा कधीपासून आल्या? व्यवस्थापक बाईंनी मला खाली ऑफिसात बोलावलं आणि म्हणाल्या, "तुम्ही हेच काम करता ना? एवढं निस्तरून द्या. आईही वरच आहेत, येता-जाता भेटही होईल."

मी हो म्हटलं. पंधरा दिवस दुपारी दुपारी तिथं जाऊन बसलो.

काम तसं अवघड नव्हतं. बावीस पानं काढून टाकायची आणि एकच पान ठेवायचं, साच्यासारखं. पानाच्या पत्त्याच्या शेवटी खोलीचा नंबर. कुणी सोळा टाकला, की यादीतून सोळाचं नाव, फोटो, नोंद उचलायची आणि त्या साच्यात ओतायची. पाच टाकला, की पाचची. तेवीस टाकला, तर 'असं पान नाही' एवढं सांगायचं. पान एकच, येणारं माणूस वेगळं. आमच्या धंद्यात याला डायनॅमिक राउटिंग म्हणतात. नाव मोठं, पण मी पंचवीस वर्षं हेच करतोय, झोपेतही करीन. आणि खरं सांगू? तेव्हा झोपेतच करत होतो. सकाळी एक नोकरी, दुपारी हे, रात्री आणखी एकाचं काम. आरशात तोंड बघितलं की वाटायचं, हा कोण बाबा?

ऑफिसची खोली खाली, जिन्याशेजारी होती. फिनेलचा वास, ओल्या फडक्यांचा वास, आणि वरून सतत काही ना काही आवाज. लिफ्ट कण्हत वर जायची. खुर्चीचे पाय फरशीवर घासायचे. माझ्या डोक्यावर बरोबर आईचीच खोली होती. मध्ये फक्त छत. आणि या पंधरा दिवसांत मी वर किती वेळा गेलो असेन, सांगा बघू? एकदाही नाही.

असं तोंड करू नका. तुम्ही तिला पाहिलं नाहीत. मी गेलो, की ती माझी बाही धरायची. घट्ट. पलंगाखाली तिनं पिशवी भरून ठेवलेली असायची. "निघायचं ना घरी?" एवढंच विचारायची. रडायची नाही, भांडायची नाही. नुसतं, निघायचं ना. मग बोट-बोट सोडवून मी बाहेर यायचो आणि दोन दिवस मला अन्न गोड लागायचं नाही. म्हणून म्हटलं, आज नको, उद्या जरा ताजातवाना असताना जाऊ. तो उद्या काही येईना. मी खाली बसून तिच्या पानावर वाचायचो: झोप, बरी. जेवण, थोडं. पुढं पुढं, जेवण, नाही. डॉक्टर म्हणाले होते, अशाच जेवल्या नाहीत तर महिनाभर काढतील की नाही शंका आहे.

हे सगळं मला माहीत होतं. छताच्या एवढ्याशा अंतरावर माझी आई उपाशी पडून होती आणि मी खाली बसून तिचं पान नीट दिसतंय ना, ते बघत होतो.

तर तो शेवटचा दिवस. साचा तयार झाला. मी तपासायला सोळाच टाकला, हाताला तोच नंबर आला. पान उघडलं, पण भेटीचा रकाना रिकामा. रिकामा असला की खालचा मजकूर वर सरकायचा, फोटोवर चढायचा, सगळंच बेंगरूळ. जागा किती लागते ते बघायला आम्ही अशा ठिकाणी काहीतरी वाक्य टाकतो. मी साच्यात लिहून टाकलं: भेट रिकामी असेल, तर हे दाखव. 'मुलगा येऊन बसला होता. बराच वेळ बसला.'

हेच वाक्य का, ते सांगायला नको. लिहिताना क्षणभर लाज वाटली. पण पान सुरेख दिसायला लागलं. रेघ जागेवर, फोटो जागेवर. मग बाईंनी चहा पाठवला, साइट चालू झाली, मी घरी जाऊन बुटांसकट पलंगावर आडवा झालो. ते वाक्य काढायचं राहून गेलं. आमच्या धंद्यातली ही नेहमीची चूक आहे. आणि साचा एकच, म्हणजे ते वाक्य फक्त सोळावर नाही, ज्यांच्या ज्यांच्याकडे कुणी आलं नव्हतं, त्या सगळ्यांच्या पानांवर दिसत होतं.

पाचव्या दिवशी ताईचा फोन आला. माझी मोठी बहीण, ती तिकडं, समुद्रापलीकडे. आवाज भरून आलेला.

"मी तुला कित्ती बोलले रे मागच्या वेळी. आणि तू रोज जाऊन बसतोयस! सांगायचंस तरी."

काय झालंय ते लगेच कळलं. तोंड उघडलं होतं मी, अगं ताई, ते मी सहज लिहिलेलं वाक्य आहे, असं सांगायला. पण पंधरा वर्षांत ती माझ्याशी इतक्या मायेनं बोलली नव्हती.

"वेळ मिळतो तसा जातो," मी म्हटलं.

"तिचं जेवणही सुधारलंय बघ. कालच्या नोंदीत पूर्ण जेवल्या असं आहे."

फोन ठेवल्यावर मी पान उघडलं. खरंच होतं. झोप, चांगली. जेवण, पूर्ण. भेटीच्या रकान्यात माझं ते वाक्य. ते लगेच काढून टाकायला दोन मिनिटं लागली असती. नाही काढलं. म्हटलं, ताईला बरं वाटतंय, राहू दे दोन दिवस. मी स्वतः आईकडे जाऊन बसलो की मग काढीन, म्हणजे खोटंही पडणार नाही.

आणखी आठवडा गेला. मग बाईंनीच बोलावलं, कसलंसं बटण दिसत नव्हतं म्हणून. मी दुपारी चारला पोचलो. वरच्या मजल्यावरच्या मोठ्या सिस्टर जिन्यात भेटल्या. त्या तशा तोंडाच्या फटकळ, पण त्या दिवशी हसल्या.

"तुमच्यामुळे आमचं काम हलकं झालं हो. आई रोज जेवतात. मुलगा बसलाय तोवर जेवते, म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"आईच. मी तुम्हाला बघितलं नाही, या वेळेला मी खाली औषधं देत असते. पण खुर्ची रोज पलंगाशी ओढलेली असते. फक्त जाताना जागेवर ठेवत जा."

मी हसल्यासारखं केलं. आईचा भ्रम असेल, म्हटलं. कुणी सफाईवाला बसत असेल. डोकं अशा वेळी भराभर काहीतरी जुळवून देतं.

बटणाचं काम झालं. निघताना व्हरांड्यात मास्तर बसले होते. तळमजल्यावरचे, पाच नंबरचे. शाळेत गणित शिकवायचे, लग्न केलं नव्हतं, त्यांच्याकडे वर्षानुवर्षं कुणी आलेलं नव्हतं. मला त्यांनी बोटानं जवळ बोलावलं.

"एक विचारू? कुणाला सांगणार नसाल तर…"

"विचारा की."

"हल्ली दुपारी माझा मुलगा येतो." त्यांनी इकडंतिकडं बघितलं. "मला मुलगा नाही हो. माहितीये मला. डोकं शाबूत आहे माझं, सतराचा पाढा म्हणून दाखवू? पण तो येतो. बसतो. बोलत काही नाही. आता आलेल्याला नाही कसं म्हणायचं…"

"कसा दिसतो?"

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग मान हलवली.

"हात गार असतात त्याचे," म्हणाले.

मी परत ऑफिसात गेलो. बाई निघून गेल्या होत्या. दिवस होता अजून, खिडकीतून चांगलं ऊन येत होतं, तरी मी दिवा लावला. यादी उघडली. पाच नंबर, भेट, रिकामी. आठ, रिकामी. बारा, रिकामी. सोळा, रिकामी. यादीत कुणीच आलेलं नव्हतं. मग साचा उघडला आणि ते वाक्य खोडून टाकलं. त्या जागी लिहिलं, 'आज भेट नाही.' दोनदा सेव्ह केलं. एक-एक नंबर टाकून बघत गेलो. पाच: आज भेट नाही. आठ: आज भेट नाही. बारा: आज भेट नाही. तेवीस टाकला: असं पान नाही. सगळं बरोबर. मला मास्तरांचं वाईट वाटलं, पण छातीवरचा दगड उतरला.

मग सोळा टाकला.

'मुलगा येऊन बसला होता. बराच वेळ बसला. आज आई दोन घास जास्त जेवली.'

ते शेवटचं वाक्य मी कधीच लिहिलं नव्हतं. पान बंद करून पुन्हा उघडलं. तेच. सगळा साचा शोधून काढला, यादी शोधली, जुन्या बावीस पानांची प्रत शोधली. ते शब्द कुठंच नव्हते. कुठंही नाहीत, आणि पडद्यावर आहेत. पंचवीस वर्षांत असं झालं नव्हतं. मी सोळा नंबरच बंद करून बघितला. म्हणजे कुणी सोळा मागितला, तर 'असं पान नाही' म्हण. तरीही पान उघडलं. आणि तेवढ्यात डोक्यावर, छताच्या वर, खुर्चीचे पाय फरशीवर घासले. सावकाश. कुणीतरी खुर्ची पलंगाजवळ ओढावी तसे.

तेव्हा मी उठलो. भीती वाटत होतीच, पण त्याहून राग आला होता. माझ्या आईजवळ माझ्या जागी कोण बसतंय? जिना चढताना पाय नुसते ओढत होते. वरच्या कॉरिडॉरमध्ये कुणी नव्हतं. दारं अर्धवट उघडी, आत कुणाचा खोकला, कुणाचा रेडिओ. सोळाचं दार लोटलं.

आई पलंगावर टेकून बसली होती. एकटीच. गाल भरले होते, केस विंचरलेले होते. इतकी छान दिसत होती, की मला दारातच रडू आलं. पलंगाखाली बघितलं. भरलेली पिशवी नव्हती. खुर्ची पलंगाला लागून होती, रिकामी. मी जाऊन तिच्यावर बसायला लागलो.

"नको, तिथं नको," आई म्हणाली. "माझा मुलगा येईल आता. त्याची जागा आहे ती."

"आई… मीच आहे."

तिनं चष्मा वर केला. माझ्याकडे बघितलं. नुसती ओळख नव्हती असं नाही, अहो, त्या बघण्यात दयाच जास्त होती. दारावर आलेल्या थकल्या माणसाकडे बघावं, तसं.

"तुम्ही खोली चुकलात वाटतं," ती म्हणाली.

तुम्ही. माझ्या आईनं मला जन्मात कधी तुम्ही म्हटलं नव्हतं.

"आई, बघ ना नीट… मी यायला पाहिजे होतं गं. मी खालीच होतो. पंधरा दिवस खालीच होतो मी…"

मी तिचा हात धरला. तिनं तो हलकेच सोडवून घेतला. बोट-बोट. मी सोडवायचो ना, अगदी तसाच.

"तुम्ही फार दमलेले दिसता," ती म्हणाली. "अशा वेळी बाहेर फिरू नये. घरी जा बघू. तुमची आई वाट बघत असेल."

मी उठलो. काय करणार होतो? भांडणार होतो तिच्याशी? बाहेर येऊन दार ओढून घेतलं. चार पावलं गेलो असेन, नसेन. मागं, बंद दाराआड, खुर्ची करकरली. आणि आईचा आवाज आला. हा आवाज मी शाळेतून घरी यायचो तेव्हाचा, पुरत्या चाळीस वर्षांपूर्वीचा.

"आलास? किती वेळ लावलास रे…"

दार चार पावलांवर होतं. परत फिरून उघडायचं, एवढंच करायचं होतं. मी नाही उघडलं. भ्यालो म्हणा हवं तर. पण खरं सांगायचं तर मला वाटलं, आत जो आहे तो निदान आला तरी. आणि मी फार दमलो होतो हो. इतका दमलो होतो, की कुणीतरी माझं काम करतंय याचं मला क्षणभर बरं वाटलं. त्या एका क्षणाची लाज अजून गेलेली नाही.

जिन्यात मोठ्या सिस्टर वर येत होत्या, हातात मोबाइल. "निघालात? आज फोटोचा वार होता. आईंबरोबर तुमचाही काढला असता."

"पुढच्या वेळी," मी म्हटलं आणि बाहेर पडलो.

बसथांब्यावर बसलो होतो. पाच-सव्वापाच झाले असतील. रस्त्यावर नेहमीची गर्दी, शाळा सुटलेली, एकजण कुत्र्याला ओढत नेत होता. फोन वाजला. ताई.

"अरे, आत्ताच पान बघितलं. आईकडे कोण आलं होतं रे आज?"

"का? काय लिहिलंय?"

ती वाचून दाखवायला लागली. "भेट. एक अनोळखी गृहस्थ चुकून आले होते. बिचारे फार दमले होते. त्यांना घरी पाठवलं. मग मुलगा येऊन बसला." ती हसली. "कोण रे हे गृहस्थ?"

समोरून माझी बस आली, थांबली, गेली.

"बरं, ते जाऊ दे," ताई म्हणाली. "नवीन फोटो टाकलाय, तो बघितलास का? तुम्हा दोघांचा. आई काय गोड हसतेय. आणि तू! किती वर्षांनी तुला असं बघितलं रे. अजिबात दमलेला दिसत नाहीस."